बीपी मेंटेन, सॅच्युरेशन मेंटेन, मग किडनी फेल कशी झाली?

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातली कितीतरी घरं दिवसातून एकदा येणाऱ्या फोनकडे डोळे लावून बसलेली असायची. अतिदक्षता विभागातून कुणीतरी सांगायचं, 'व्हेंटिलेटरवर आहेत, पण बीपी मेंटेन आहे, सॅच्युरेशन ९४ आहे.' दोन दिवसांनी त्याच सुरात, 'क्रिएटिनिन वाढलंय, लघवी कमी झालीये, डायलिसिस लागेल.' नातेवाइकांना हे पटायचं नाही, आणि न पटण्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. आजार फुप्फुसाचा, ऑक्सिजन चालू, रक्तदाब नीट. मग मूत्रपिंडाला झालं काय?

कारणं एकापेक्षा जास्त असतात. औषधांचा ताण, शरीरातलं पाण्याचं प्रमाण, व्हेंटिलेटरचा दाब, आधीपासूनचा मधुमेह. पण उत्तराचा मोठा भाग शरीरातल्या सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांत सापडतो, आणि बेडशेजारचा मॉनिटर नेमकं त्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

हृदयातून निघणारी महारोहिणी अडीच-तीन सेंटिमीटर रुंद असते. तिला फाटे फुटत फुटत शेवटी ज्या केशवाहिन्या होतात त्यांची रुंदी ५ ते १० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबडी पेशी स्वतःच ७-८ मायक्रॉनची, त्यामुळे कित्येक ठिकाणी तिला अंग दुमडून, एकामागून एक असंच सरकावं लागतं. ही अडचण शरीराच्या सोयीचीच आहे. मोठ्या रोहिणीच्या जाड भिंतीतून ऑक्सिजन बाहेर पडत नाही. ती फक्त रक्त वाहून नेते. देवाणघेवाण होते ती केशवाहिनीत, जिथे भिंत एका पेशीच्या जाडीची आहे आणि तांबडी पेशी त्या भिंतीला घासून जाते.

विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्त शरीरभर गोल फिरतं हे सिद्ध केलं, पण रोहिणीतलं रक्त नीलेत कुठून जातं ते त्यांना दाखवता आलं नाही. तो जोड १६६१ साली इटलीत मार्चेल्लो माल्पिगी यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, बेडकाच्या फुप्फुसात.

फुप्फुसाची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण हृदयातून निघणारं सगळंच्या सगळं रक्त, विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर, तिथून जातं. कोट्यवधी वायुकोशांभोवती केशवाहिन्या इतक्या दाट आहेत की वायुकोशाची भिंत म्हणजे बऱ्याच अंशी वाहतं रक्तच. हवा आणि रक्त यांच्यातलं अंतर काही ठिकाणी जेमतेम अर्धा मायक्रॉन. तांबडी पेशी त्या केशवाहिनीत साधारण ०.७५ सेकंद असते आणि ऑक्सिजन भरून घ्यायला निरोगी माणसात तिला त्यातला एक तृतीयांश वेळ पुरतो. उरलेला वेळ शिल्लक. आपण जिना चढतो तेव्हा रक्त वेगाने पळतं, पेशीला मिळणारा वेळ घटतो, तरी ही शिल्लक असल्यामुळे ऑक्सिजन कमी पडत नाही.

कोविडकाळात घरोघरी करायला सांगितलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी याच शिलकीची परीक्षा होती. बसल्याजागी ९६ दाखवणारा ऑक्सिमीटर चालल्यावर ९१वर आला, तर त्याचा अर्थ भिंत सुजलीय किंवा चालू असलेल्या केशवाहिन्या कमी झाल्यात, आणि शिल्लक संपलीय. त्या दोन वर्षांत सामान्य माणसाच्या हाती आलेल्या चाचण्यांपैकी ही मला सगळ्यांत शहाणी वाटते. फुकट होती आणि अवयवाला कामाला लावून बघत होती.

आता विषाणू. फ्लूचा असो वा कोविडचा, तो श्वासातून येतो आणि आधी वायुमार्गाच्या व वायुकोशाच्या पेशींत शिरतो. तिथून अर्ध्या मायक्रॉनवर केशवाहिनीचं आतलं अस्तर आहे, ज्याला एंडोथेलियम म्हणतात. हे अस्तर निरोगी असताना बरीच कामं एकदम करतं. रक्त गोठू देत नाही. भिंतीतून पाणी झिरपू देत नाही. वाहिनी किती आकसायची, किती सैलावायची हे आजूबाजूच्या स्नायूंना रसायनांनी कळवतं. आणि त्याच्या अंगावर साखर आणि प्रथिनांचा एक बुळबुळीत थर असतो, ग्लायकोकॅलिक्स, ज्यामुळे रक्तातल्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत.

शेजारी दाह पेटला की हे अस्तर आपला स्वभाव बदलतं. बुळबुळीत थर झडतो. पेशींनी साठवून ठेवलेले चिकट रेणू बाहेर येतात, त्यांना प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी अडकतात. पेशींमधले सांधे सैल होऊन रक्तातलं पाणी आणि प्रथिनं वायुकोशात उतरतात. एक्सरेवर जी पांढरी छाया दिसते तिचा मोठा भाग हाच. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तर मरताना स्वतःच्या डीएनएचे धागे बाहेर फेकतात. जंतू त्यात अडकावेत हा हेतू. पण त्या धाग्यांवर रक्तही गोठतं. केशवाहिनी मुळातच एका पेशीच्या रुंदीची, तिला बंद व्हायला मोठी गुठळी लागत नाही.

गोठणं हा संरक्षणाचाच भाग आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. संसर्गाच्या जागी रक्त थांबवून जंतूला तिथेच कोंडणं हे शरीराचं जुनं तंत्र. एका बोटाच्या जखमेत ते उत्तम चालतं. दोन्ही फुप्फुसांत एकाच वेळी चालू झालं, की माणूस अतिदक्षता विभागात पोचतो.

हे सगळं प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं गेलं ते २०२०च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनाच्या एका अभ्यासात. जर्मनी, स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी कोविडने मरण पावलेल्या ७ जणांची फुप्फुसं घेतली. तुलनेला एच१एन१ फ्लूने गेलेल्या ७ जणांची, शिवाय संसर्ग नसलेली १०. एच१एन१ म्हणजे २००९मध्ये आला तो स्वाइन फ्लू. त्याचा भारतातला पहिला मृत्यू त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात झाला होता आणि तोंडाला रुमाल बांधून फिरणारं शहर पुणेकरांनी तेव्हाच पाहिलं होतं. तर, दोन्ही आजारांत वायुकोशांची नासधूस सारखीच होती. फरक केशवाहिन्यांत होता. कोविडच्या फुप्फुसांत वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांतल्या सूक्ष्म गुठळ्या फ्लूच्या ९ पट. आणि एक अनपेक्षित गोष्ट: नव्या वाहिन्यांची वाढ फ्लूच्या २.७ पट. एकेका केशवाहिनीच्या पोटात मधोमध खांब तयार होऊन तिच्या दोन होत होत्या. बंद पडलेल्या वाटांना पर्याय काढायची ही धडपड असावी, पण अशा वाकड्यातिकड्या वाहिन्यांतून काम नीट होत नाही.

सात फुप्फुसं म्हणजे फार नव्हेत, आणि ती सर्व मृतांची होती. बरे झालेल्यांच्या फुप्फुसात काय चाललं होतं ते त्यातून कळत नाही. तरी 'कोविड म्हणजे फ्लूच, जरा जोराचा' या समजाला धक्का देणाऱ्या सुरुवातीच्या ठोस पुराव्यांपैकी एक म्हणून हा अभ्यास महत्त्वाचा.

याच केशवाहिन्यांमुळे ते चमत्कारिक दृश्यही दिसलं: सॅच्युरेशन ७५, आणि रुग्ण फोनवर बोलतोय. निरोगी फुप्फुसात एखाद्या भागात हवा पोचली नाही, तर तिथल्या बारीक रोहिण्या आपोआप आकसतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळतं. उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिल्येस्ट्रांड यांनी १९४६मध्ये मांजरांवर दाखवलेली ही सोय. कोविडमध्ये सुरुवातीच्या दिवसांत ती बिघडते असं मूळचे इटलीचे असलेले लुचियानो गॅटिनोनी यांच्यासारख्या तज्ज्ञांनी मांडलं. हवा नसलेल्या भागातूनही रक्त वाहत राहतं आणि ऑक्सिजन न घेताच परत हृदयाकडे जातं. फुप्फुस अजून लवचीक असतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर जात असतो; आणि धाप लागल्याची जाणीव बरीचशी त्या दोन गोष्टींवर अवलंबून असल्यामुळे माणसाला काही वाटतच नाही. पुढे उलटा प्रकार सुरू होतो. हवा पोचते पण केशवाहिनी बंद, तेव्हा तो श्वास वाया जातो. एकाच फुप्फुसात दोन्ही बिघाड शेजारी शेजारी असू शकतात.

'स्कोअर किती आला?' हा त्या वेळचा पहिला प्रश्न. एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, २५पैकीचा आकडा फुप्फुसाच्या पाच खंडांत छाया किती पसरलीय ते मोजतो. त्या छायेतून रक्त वाहतंय की नाही, हे त्यात येत नाही. मोठ्या रोहिणीत अडकलेली गुठळी डाय घालून केलेल्या सीटीत दिसते. केशवाहिनीतली तिथेही दिसत नाही. स्कोअर ८ असलेला माणूस गंभीर आणि १८ असलेला घरी बरा, अशी उदाहरणं घडली त्यामागे हेही एक कारण.

फुप्फुसाबाहेर काय होतं ते आपल्याकडच्या कालव्यांवर अवलंबून असणाऱ्या शेतकऱ्याला पटकन कळेल. धरण भरलेलं आहे, कालव्याला आवर्तन सुटलंय, पाटबंधारे खात्याच्या कागदावर पाणी पूर्ण क्षमतेने वाहतंय. आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या चारीत थेंब नाही. बीपी म्हणजे कालव्यातल्या पाण्याची पातळी. सॅच्युरेशन म्हणजे पाण्याची प्रत. टेलला पाणी पोचलं का, हा तिसराच प्रश्न आहे.

यात आणखी एक गोम आहे. सगळ्या केशवाहिन्या थोड्या थोड्या मंदावल्या तर शरीर सावरून घेतं, पेशी रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात. पण दाहात एक वाहिनी बंद आणि तिच्या शेजारची वेगाने वाहती असं होतं. ऑक्सिजन रक्तातून पेशीपर्यंत फक्त झिरपत जातो, आणि झिरपून तो मिलिमीटरच्या दहाव्या भागापलीकडे क्वचितच पोचतो. बंद वाहिनीभोवतीच्या पेशी उपाशी राहतात. शेजारच्या वाहिनीतलं रक्त इतक्या घाईत असतं की ऑक्सिजन न देताच पुढे जातं. परतीच्या रक्तात तपासलं तर ऑक्सिजन भरपूर! म्हणजे रिपोर्ट चांगला आणि अवयव आजारी. मूत्रपिंडाचं काम तर केशवाहिन्यांच्या गुंत्यांवर चालतं, म्हणून तिथे परिणाम लवकर दिसतो. मोठ्या आणि बारीक रक्ताभिसरणाची अशी ताटातूट झाली की बीपी वाढवूनही फायदा होईलच असं नाही. अर्जेंटिनात सेप्टिक शॉकच्या, म्हणजे संसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या, रुग्णांवर झालेल्या २००९च्या एका अभ्यासात रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनने सरासरी रक्तदाब ६५वरून ७५ आणि ८५वर नेला. जिभेखालच्या केशवाहिन्यांतला प्रवाह सरासरीने सुधारला नाही.

जिभेखालच्याच का? कारण तिथली त्वचा पातळ आहे आणि तिथवर पोचता येतं. पेनाएवढा छोटा कॅमेरा जिभेखाली टेकवतात आणि हिरवा प्रकाश टाकतात. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे उजळ पडद्यावर तांबड्या पेशी काळ्या ठिपक्यांसारख्या पळताना दिसतात. हे तंत्र १९९९च्या सुमारास आलं, त्यात ॲमस्टरडॅमच्या जान इन्स यांचा मोठा वाटा. २००२मध्ये ब्रसेल्सच्या डॅनिएल दे बाकर यांनी दाखवलं की सेप्सिसच्या रुग्णांत वाहत्या केशवाहिन्या कमी असतात. दोन वर्षांनी त्याच गटाने दाखवलं की ज्यांच्या केशवाहिन्या उपचारानंतरही सुधारत नाहीत त्यांत मृत्यू जास्त.

कोविडमध्येही असंच दिसेल असा बहुतेकांचा अंदाज होता. चित्र गुंतागुंतीचं निघालं. २०२१मध्ये आलेल्या एका युरोपीय अभ्यासात रुग्णांच्या जिभेखालच्या केशवाहिन्या ओस पडलेल्या नव्हत्या. उलट ऑक्सिजन कमी पडतोय म्हटल्यावर जास्त वाहिन्या उघडल्या होत्या आणि त्यांत तांबड्या पेशींची दाटी होती. शरीर टंचाईला तोंड देत होतं. पण सोबत पांढऱ्या पेशी आणि सूक्ष्म गोळेही जास्त दिसले. अनेक अवयव बिघडलेल्या रुग्णांत मात्र हा प्रतिसाद कोलमडलेला होता. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या गटाला गंभीर रुग्णांत सगळ्यांत बारीक केशवाहिन्या कमी झालेल्या आणि बुळबुळीत थर पातळ झालेला आढळला. या निष्कर्षांत भांडण आहे असं मला वाटत नाही. आजाराचा कितवा दिवस, किती अवयव बिघडलेले, यावर चित्र बदलतं. शिवाय जीभ म्हणजे फुप्फुस नव्हे. तिथे सगळं वाहतं दिसलं तरी वायुकोशाभोवती गुठळ्या असू शकतात.

हा कॅमेरा महाग आहे, जरा जास्त दाबला तर त्याच दाबाने प्रवाह थांबतो, आणि चित्रफितीचं विश्लेषण वेळखाऊ असतं. जिल्हा रुग्णालयात तो येईल अशी आशा मी धरत नाही. आणि त्याची गरजही तितकी नाही, कारण बोट आहे. रुग्णाच्या बोटाच्या पेरावर १० सेकंद दाबायचं, पांढरं पडलं की सोडायचं, आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते घड्याळात मोजायचं. ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर टोकाचं रक्ताभिसरण मंदावलंय. लॅटिन अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ सेप्टिक शॉकच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१९मध्ये आले. एका गटात या बोटाच्या खुणेवरून उपचार ठरवले, दुसऱ्यात रक्तातल्या लॅक्टेटवरून, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की वाढणाऱ्या एका पदार्थावरून. २८ दिवसांतले मृत्यू ३४.९ टक्के विरुद्ध ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या कडक कसोटीवर हा फरक थोडक्यात निसटला, पण फुकटच्या चाचणीने महागड्या चाचणीची बरोबरी तरी नक्की केली. गुडघ्यावरच्या त्वचेवर उमटणारे जांभळट चट्टेही अशीच खूण. सावळ्या त्वचेवर मात्र ते सहज दिसत नाहीत, म्हणून आपल्याकडे बोटच बरं. खोली गार असेल तर बोटही फसवतं.

राहिले उपचार. केशवाहिन्यांत गुठळ्या आहेत, तर पोटाच्या त्वचेखाली द्यायची ती हेपरिनची, रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं वाढवा, हा विचार सरळ होता आणि २०२०-२१मध्ये अनेक ठिकाणी डी-डायमरचा, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या अवशेषाचा, आकडा बघून डोस वाढवलाही गेला. २०२१च्या ऑगस्टमध्ये तीन मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे एकत्रित निकाल आले. वॉर्डातल्या, अजून गंभीर न झालेल्या २२१९ रुग्णांत पूर्ण डोसचा फायदा दिसला: अवयवांना यंत्राचा आधार न लागता घरी जाणारे ८०.२ टक्के, नेहमीच्या डोसमध्ये ७६.४ टक्के. अतिदक्षता विभागातल्या १०९८ रुग्णांत फायदा शून्य, रक्तस्रावाचा धोका मात्र होता. हेपरिन नवी गुठळी होऊ देत नाही, झालेली विरघळवत नाही. शिवाय तोवर केशवाहिनीत नुसती गुठळी नसते; सुजलेलं अस्तर, अडकलेल्या पांढऱ्या पेशी आणि डीएनएचे धागे असतात, त्यांवर हेपरिनचा फारसा जोर चालत नाही. डी-डायमर तर कुठल्याही जोरदार दाहात वाढतो. रोज तो तपासून डोस हलवणं हे माझ्या मते मुख्यतः बिल आणि घबराट वाढवणारं होतं.

जे उपयोगी पडलं ते मुळावर घाव घालणारं, म्हणजे दाह कमी करणारं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. पहिल्या दिवसापासून घरी स्टेरॉइड घेणाऱ्यांनी नुकसानाचा धोकाच ओढवून घेतला. पालथं झोपवणं हा दुसरा उपाय. त्याने फुप्फुसाचा मागचा, रक्ताने भरलेला भाग उघडतो आणि हवा व रक्त यांची गाठ पडते. २०१३च्या फ्रेंच चाचणीत, अर्थात कोविडच्या आधी, फुप्फुस निकामी झालेल्या गंभीर रुग्णांना रोज किमान १६ तास पालथं ठेवल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले होते. सलाइन जपून देणं आणि व्हेंटिलेटरचा दाब गरजेपुरताच ठेवणं यामागेही केशवाहिन्यांचाच विचार आहे. जास्तीचं पाणी ऊतींत उतरून पेशी आणि रक्त यांच्यातलं अंतर वाढवतं, जास्तीचा दाब वायुकोश फुगवून त्याभोवतीच्या वाहिन्या चेपतो.

सुटून घरी आलेल्यांपैकी काहींना महिनोन्‌महिने जिना चढताना दम लागतो, आणि सीटी स्वच्छ येतो. त्यांनी डॉक्टरांना डीएलसीओ या तपासणीबद्दल विचारावं. अगदी थोडा कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा एकदा ओढून सुमारे १० सेकंद श्वास रोखायचा. त्यातला किती वायू रक्ताने उचलला यावरून वायुकोशाची भिंत आणि तिच्यातल्या वाहत्या केशवाहिन्या यांचा अंदाज येतो. साध्या फुंकण्याच्या स्पायरोमेट्रीत हे कळत नाही. मोठ्या शहरांतल्या फुप्फुस-तपासणी प्रयोगशाळांत ही सोय असते, आणि जाताना ताजा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत न्यावा, कारण रक्तक्षय असेल तर आकडा उगाच कमी येतो.